मंदीचा सौदा : अंथरूण आणि पाय

गेली वीस-बावीस वर्षे मी बेळगावात मुलांना गणित शिकवीत आहे. नफातोट्याचा धडा सुरू झाला की फळ्यावर पहिले वाक्य ठरलेले असते : ‘एका व्यापाऱ्याने एक वस्तू अमुक रुपयांना विकत घेतली व तमुक रुपयांना विकली.’ खरेदी आधी आणि विक्री मागाहून, हा क्रम मुलांच्या इतका अंगवळणी पडलेला असतो, की त्याविषयी कोणी कधी शंका विचारीत नाही. आज मी ज्या व्यवहाराविषयी आपल्याशी चार शब्द बोलणार आहे, त्यात हा क्रम नेमका उलटा असतो. तेथे विक्री आधी होते आणि खरेदी मागाहून. शेअरबाजारात त्याला ‘शॉर्ट सेलिंग’ म्हणतात. जुन्या बाजारभाषेत तो मंदीचा सौदा, आणि तो करणारा मंदीवाला.

हा विषय मी आपण होऊन निवडलेला नाही. गेल्या नाताळच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याचे वह्या-पुस्तकांचे लहानसे दुकान आहे. मुलगा हुशार, कष्टाळू आणि निर्व्यसनी. त्याने एक वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, “सर, ह्यात माझी चूक कोठे झाली तेवढे दाखवा. माझा अंदाज तर बरोबर होता.” वहीत एका मंदीच्या सौद्याचा हिशेब होता. अंदाज खरोखरच बरोबर होता, आणि तरीही २,१०,००० रुपये गेले होते. त्यांतील काही पैसे वडिलांनी घराची कौले आणि वासे बदलण्यासाठी बाजूला ठेवलेले होते. बेळगावचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

त्या वहीकडे मी पुन्हा येईनच. तत्पूर्वी हा व्यवहार काय आहे ते समजून घेऊ. समजा, आपण शेजाऱ्याकडून पायलीभर तांदूळ उसने घेतले आणि आजच्या चढ्या भावाने बाजारात विकून टाकले. सुगी झाल्यावर भाव उतरला, तेव्हा पायलीभर तांदूळ स्वस्तात विकत घेऊन शेजाऱ्याला परत केले. मधला फरक आपला. पण सुगीच बुडाली तर? भाव दुप्पट झाला, तिप्पट झाला, तरी शेजाऱ्याला पायलीभर तांदूळ द्यावेच लागणार. आपण पैसे उसने घेतले नव्हते, वस्तू घेतली होती. आणि वस्तूचा उद्याचा भाव आपल्या हाती नाही. मंदीच्या सौद्याचा सगळा धोका ह्या एका वाक्यात आहे.

ही रीत आजची नव्हे. १६०९ साली ॲमस्टरडॅमच्या बाजारात ईझाक ले मेर नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या साथीदारांसह डच ईस्ट इंडिया कंपनीचे हाती नसलेले शेअर विकण्याचा उद्योग केला, आणि १६१० साली तेथील सरकारने अशा विक्रीला बंदी घातली. तेव्हापासून ह्या व्यवहाराला नावे ठेवण्याची चाल आहे. मला तसे करावयाचे नाही. एखाद्या कंपनीचा भाव तिच्या लायकीपेक्षा फुगला असेल, तर तसे म्हणणारा आणि आपल्या म्हणण्यावर पैसे लावणारा माणूस बाजारात असणे हिताचेच आहे. माझा प्रश्न नीतीचा नाही, अंकगणिताचा आहे. आपले मत बरोबर असो वा चूक, ह्या सौद्यात शेअर किती विकावे?

आता थोडे पाटीवरचे गणित करू. आपले भांडवल १,००,००० रुपये आहे असे समजा. त्यातून आपण १०० रुपये भावाचे १०० शेअर विकत घेतले, म्हणजे भांडवलाचा दहावा हिस्सा गुंतविला. भाव निम्मा झाला. तोटा ५,००० रुपयांचा. हाती ९५,००० रुपयांचे भांडवल उरले आणि त्यात त्या शेअरांचा वाटा ५,००० रुपयांचा, म्हणजे शेकडा ५ च्या थोडा वर. ध्यानात घ्या, आपण चुकलो, पण चुकीचा आकार आपोआप लहान झाला. भाव शून्यावर गेला तरी तोटा १०,००० रुपयांच्या पुढे जात नाही.

तोच सौदा आता मंदीचा करू. १०० रुपये भावाने १०० शेअर विकले. येथेही आरंभी सौदा दहाव्या हिश्श्याचा. भाव वाढून २०० झाला. तोटा १०,००० रुपयांचा, भांडवल उरले ९०,०००, आणि परत करावयाच्या शेअरांची किंमत झाली २०,०००. म्हणजे सौदा शेकडा २२ चा झाला. भाव ३०० झाला तर भांडवल ८०,००० आणि देणे ३०,०००, शेकडा साडेसदतीस. भाव ५०० झाला तर भांडवल ६०,००० आणि देणे ५०,०००, शेकडा ८३. आपण एकही नवा शेअर विकलेला नाही, आणि तरी दहाव्या हिश्श्याचा सौदा जवळजवळ सर्व भांडवलाएवढा होऊन बसला. येथे चूक आपोआप मोठी होत जाते. उलट, अंदाज बरोबर ठरून भाव उतरला, तर सौदा लहान लहान होत जातो. आणि कंपनी पार बुडाली तरी शंभराला शंभर ह्याहून अधिक लाभ होत नाही.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. मंदीच्या सौद्यात विशेष असा, की भाव वाढू लागला म्हणजे अंथरूण आखूड होत जाते आणि त्याच वेळी पाय लांब होत जातात. म्हणून संध्याकाळचे अंथरूण पाहून येथे भागत नाही. रात्रीतून ते किती आखूड होऊ शकेल, हे आधी पाहावे लागते.

हे केवळ पाटीवरचे गणित आहे असे कोणास वाटेल, म्हणून प्रत्यक्ष घडलेले उदाहरण देतो. अमेरिकेत गेमस्टॉप नावाची एक कंपनी दुकानांतून संगणकी खेळ विकते. लोक तसे खेळ घरबसल्या घेऊ लागल्यामुळे कंपनीचा धंदा बसत चालला होता, आणि तिचा भाव उतरणार असे मानणारे जाणते लोक पुष्कळ होते. इतके पुष्कळ, की बाजारात जितके शेअर मोकळे होते त्यांहूनही अधिक शेअर मंदीवाल्यांनी विकून ठेवलेले होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्या शेअराचा बंद भाव १८.८४ डॉलर होता. मग हजारो लहान गुंतवणूकदारांनी खरेदी सुरू केली. भाव चढू लागला, तसे मंदीवाले आपली विक्री भरून काढण्यासाठी स्वतःच खरेदी करू लागले, आणि त्यांच्या खरेदीनेच भाव आणखी चढला. २७ जानेवारी २०२१ रोजी बंद भाव ३४७.५१ डॉलर होता. चार आठवड्यांत अठरापटीहून अधिक!

आता ह्या प्रसंगी सौद्याच्या आकारमानाला काय महत्त्व होते ते पाहा. ज्याने भांडवलाचा शंभरावा हिस्सा ह्या सौद्यात घातला होता आणि जो काही न करता स्वस्थ बसला, त्याचा तोटा भांडवलाच्या शेकडा १७ च्या वर गेला. दुःख मोठे, पण माणूस उभा राहिला. ज्याने शंभरातले ५ घातले होते, त्याचे ८७ गेले. आणि ज्याने शंभरातले ६ घातले होते, त्याचे सर्व भांडवल जाऊन वर देणे झाले. मेल्विन कॅपिटल ह्या नामांकित संस्थेने त्या एका जानेवारीत शेकडा ५३ गमावले, आणि २०२२ साली ती बंद झाली. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये तोच भाव ४० डॉलरांच्या आसपास आला. म्हणजे भाव कोसळणार हे मत पुष्कळसे खरे ठरले; पण ते खरे ठरेपर्यंत टिकून राहावयास भांडवल उरले पाहिजे ना?

तेव्हा पहिला नियम असा : किती शेअर विकावे हे आपले मत किती पक्के आहे ह्यावरून ठरवू नये. आपण चूक ठरलो तर किती सोसेल, ह्यावरून ठरवावे.

हा नियम आकड्यांत मांडण्याची रीत सोपी आहे. साधे त्रैराशिक येते त्याला जमेल. प्रथम, एका सौद्यात जास्तीत जास्त किती भांडवल गमवावयाचे ते ठरवावे. सावध माणसे शंभरातले १, फार तर २, अशी मर्यादा घालतात. दुसरे, भाव किती वर गेला म्हणजे आपण चुकलो असे मान्य करून सौदा मिटवावयाचा, तो भाव आधीच कागदावर लिहावा. बाजारात त्याला ‘स्टॉप लॉस’ म्हणतात. विक्रीचा भाव आणि हा भाव ह्यांतील अंतर म्हणजे दर शेअरमागे पत्करलेला तोटा. तिसरे, ठरविलेल्या रकमेला ह्या अंतराने भागावे. जो भागाकार येईल तितके शेअर विकावे. भांडवल ५,००,००० रुपये, मर्यादा शेकडा १ म्हणजे ५,०००. विक्री ४०० रुपयांना, सौदा मिटवण्याचा भाव ४४०. अंतर ४० रुपये. ५,००० भागिले ४०, उत्तर १२५ शेअर. दलाली व इतर खर्चासाठी थोडे कमी धरलेले बरे.

पण श्रोतेहो, येथे थांबलो तर उदाहरण अर्धेच सोडविले असे होईल. स्टॉप लॉस ही दाराची कडी आहे. दारच वाहून गेले तर कडी काय करणार? आपल्याच देशातील १८ मे २००९ चा सोमवार आठवा. लोकसभा निवडणुकीचे निकाल शनिवारी लागले होते. सोमवारी सकाळी बाजार उघडला आणि काही सेकंदांतच निर्देशांक इतका उसळला, की नियमानुसार व्यवहार थांबवावे लागले. दोन तासांनी बाजार पुन्हा उघडला तो लगेच पुन्हा उसळला, आणि त्या दिवसापुरता बंद झाला. सेन्सेक्स २,११० अंकांनी, म्हणजे शेकडा १७ हून अधिक, चढला. शुक्रवारी मंदी करून घरी गेलेल्या माणसाने आपला स्टॉप लॉस शेकडा ३ वर ठेवला होता की ५ वर, ह्याला त्या दिवशी काही अर्थ उरला नाही. मधल्या भावांना व्यवहारच झाला नव्हता. ज्याची मंदी बाजाराबरोबर चढली आणि भांडवलाइतकी होती त्याचे शंभरातले १७ गेले. ज्याने अनामत भरून भांडवलाच्या पाचपट मंदी केली होती त्याचे सुमारे ८७ गेले.

म्हणून त्रैराशिकाला एक दुसरी कसोटी जोडावी लागते. ‘उद्या सकाळी भाव एकदम शेकडा ३० वर उघडला तर?’ असे स्वतःला विचारावे. वरच्या उदाहरणात भाव ५२० होईल आणि दर शेअरमागे तोटा १२० रुपये. १२५ शेअरांवर १५,००० रुपये, म्हणजे भांडवलाच्या शेकडा ३. अशा आकस्मिक दिवसासाठी आपली मर्यादा १०,००० रुपयांची असेल, तर १०,००० भागिले १२०, उत्तर ८३ शेअर. दोन्ही उत्तरांपैकी जे लहान ते घ्यावे. कंपनीचे तिमाही निकाल, सरकारचा निर्णय, एखाद्या औषधाला परवानगी, असा दिवस तोंडावर आला असेल तर ते उत्तरही निम्मे करावे, किंवा तो दिवस टळेपर्यंत सौदा करूच नये.

१८ मेच्या त्या सोमवारात आणखी एक धडा आहे. पाच निरनिराळ्या कंपन्यांची मंदी केली म्हणजे धोका पाच ठिकाणी वाटला गेला, अशी आपण समजूत करून घेतो. परंतु बाजार उसळतो तेव्हा बरी-वाईट सर्व होडकी एकाच भरतीने वर येतात. पाच बँकांची मंदी म्हणजे पाच सौदे नव्हेत. एकच मोठा सौदा पाच नावांनी केलेला असतो. सबब दर सौद्याची मर्यादा वेगळी आणि सर्व सौद्यांची मिळून मर्यादा वेगळी, अशा दोन मर्यादा लिहून ठेवाव्या.

सौदा केल्यावरही काम संपत नाही. आपण दहाव्या हिश्श्याचे ठरविले होते आणि भाव चढून तो पाचव्या हिश्श्याचा झाला, तर सौदा आपल्या नकळत दुसराच झाला आहे हे ओळखून तो कापून पूर्ववत् करावा. मघाच्या उदाहरणात भाव २०० झाला तेव्हा भांडवल ९०,००० उरले होते. त्याचा दहावा हिस्सा ९,०००, म्हणजे ४५ शेअर. १०० पैकी ५५ शेअर विकत घेऊन परत करावे. मनाला हे जड जाते, कारण तोटा पदरात घ्यावा लागतो. मनाची ओढ नेमकी उलट असते : ‘१०० ला विकणे शहाणपणाचे होते, तर २०० ला विकणे दुप्पट शहाणपणाचे!’ ह्या एका वाक्याने जितकी घरे बसली, तितकी कदाचित् खोट्या अंदाजांनीही बसली नसतील. तोट्यात चाललेल्या मंदीत भर घालू नये. हा नियम दाराच्या चौकटीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

त्याबरोबर हेही पाहावे, की आपल्याबरोबर त्याच दारातून बाहेर पडणारे किती आहेत. २००८ सालच्या ऑक्टोबरात जर्मनीतील फोक्सवागेन कंपनीच्या मंदीवाल्यांना हे फार महागात पडले. २६ ऑक्टोबर रोजी, रविवारी, पोर्शे कंपनीने जाहीर केले की फोक्सवागेनचे शेकडा ४२.६ शेअर आपल्याजवळ आहेत आणि आणखी ३१.५ शेकड्यांवर आपले करार आहेत. लोअर सॅक्सनी ह्या राज्याच्या सरकारजवळ सुमारे शेकडा २० होतेच. ह्या सर्वांची बेरीज करा. बाजारात खऱ्या अर्थाने मोकळे उरले शेकडा ६ च्या आसपास, आणि मंदीवाल्यांनी विकलेले होते त्याच्या दुपटीइतके. भाव आदल्या शुक्रवारी सुमारे २१० युरो होता, तो मंगळवारी १,००० युरोंच्या वर गेला, आणि घटकाभर फोक्सवागेन ही बाजारमूल्याने जगातील सर्वांत मोठी कंपनी ठरली. आपल्या मुंबईच्या बाजारातही १९८२ साली रिलायन्सच्या मंदीवाल्यांची अशीच कोंडी झाली होती. विकलेले शेअर प्रत्यक्ष द्या, असा आग्रह घेणाऱ्यांनी धरला, आणि तंटा इतका विकोपाला गेला की बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. ज्या कंपनीचे मोकळे शेअर थोडे आणि मंदीवाले फार, तेथे आपले मत कितीही बरोबर असो, सौदा लहान ठेवावा किंवा टाळावा.

आता हे सारे आपल्या देशातील सामान्य माणसाला लागू करून पाहू. आपल्याकडे दिवसाच्या दिवसात शेअर आधी विकून मागाहून विकत घेता येतात. पण बाजार बंद होण्यापूर्वी ते भरून काढावे लागतात. भाव वरच्या मर्यादेला जाऊन अडकला आणि विकणाराच कोणी उरला नाही, तर विकलेले शेअर द्यावयाचे राहतात. मग बाजार लिलावाने ते विकत घेतो आणि त्याची किंमत आपल्याकडून वसूल करतो. जास्त दिवस मंदी ठेवावयाची तर एक मार्ग शेअर उसने घेण्याचा. तशी योजना एप्रिल २००८ पासून आहे. तीत उसनवारीचे शुल्क द्यावे लागते आणि मधल्या काळातला लाभांशही मूळ मालकाला पोचवावा लागतो. दुसरा, आणि अधिक चालणारा, मार्ग वायद्याचा. वायद्यात पूर्ण रक्कम भरावी लागत नाही. तिचा काही हिस्सा अनामत म्हणून ठेवला की भागते. दर महिन्याला मुदत संपते, आणि सौदा शेवटपर्यंत उघडा ठेवला तर प्रत्यक्ष शेअर द्यावे लागतात. मात्र सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की वायदा सुट्या शेअरांचा होत नाही. त्याचा ठोक, म्हणजे लॉट, ठरलेला असतो.

येथे आपण माझ्या विद्यार्थ्याच्या वहीकडे वळू. त्याचे भांडवल होते ३,००,००० रुपये. एका कंपनीचा भाव ६०० रुपये होता आणि तो उतरणार असे त्याचे मत होते. लॉट १,००० शेअरांचा. म्हणजे सौदा ६,००,००० रुपयांचा, भांडवलाच्या दुप्पट. अनामत साधारण पाचव्या हिश्श्याची लागली, म्हणून त्याला तो सौदा लहान वाटला. संध्याकाळी कंपनीचे निकाल अपेक्षेपेक्षा चांगले लागले आणि दुसऱ्या दिवशी भाव ६९० वर उघडला. एका सकाळीत ९०,००० रुपये गेले. मग त्याने वडिलांकडून कौलांसाठी ठेवलेले १,००,००० रुपये घेतले आणि ६९० ला दुसरा लॉट विकला. भाव ७५० वर गेला. दोन लॉटांवर आणखी १,२०,००० रुपये गेले. दलालाकडून अनामत वाढविण्याची मागणी आली, ती पुरविणे शक्य नव्हते, आणि सौदा मिटवावा लागला. दोन महिन्यांनी त्या शेअराचा भाव ५२० झाला. “सर, माझा अंदाज बरोबर होता,” हे त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

मी त्याला पेन्सिल दिली आणि म्हटले, “आता तूच त्रैराशिक मांड.” भांडवल ३,००,०००. शेकडा १ म्हणजे ३,०००. निकालाच्या आधी त्याने मनाशी धरलेला सौदा मिटवण्याचा भाव ६३० होता. अंतर ३० रुपये. ३,००० भागिले ३०, उत्तर १००. त्याने १०० हा आकडा लिहिला आणि त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. १०० शेअर असते, तर त्या भयंकर सकाळीही ९,००० रुपये गेले असते, भांडवलाच्या शेकडा ३. पण लॉट होता १,००० चा. म्हणजे त्याचा सौदा त्याच्या अंथरुणाच्या दहापट होता, आणि दुसऱ्या लॉटाने वीसपट झाला.

“म्हणजे उत्तर १०० असेल आणि लॉट १,००० चा असेल, तर काय करावयाचे?” त्याने विचारले.

“सौदा करावयाचा नाही,” मी म्हटले. “उत्तर शून्य.”

गणितात शून्य हेही उत्तर असते, हे वर्गात मुलांना पटवून द्यावयास मला दरवर्षी त्रास पडतो. उत्तर शून्य आले की मुलांना वाटते, उदाहरण चुकले. बाजारातही तसेच होते. मत आहे म्हणजे सौदा केलाच पाहिजे, असे आपल्याला वाटते. वास्तविक एखादी कंपनी वाईट आहे असे वाटत असेल, तर तिचे शेअर न घेणे, घेतलेले असतील तर विकून मोकळे होणे, हाही त्या मताचा पूर्ण उपयोगच आहे. अगदीच राहवत नसेल तर ‘पुट’ नावाचा करार असतो; त्यात विकत घेणाराचा तोटा भरलेल्या रकमेपुरताच राहतो. परंतु त्याची मुदत दिवसागणिक झिजत जाते आणि ती रक्कम सबंध जाऊ शकते, हे समजून मगच त्याला हात लावावा.

शून्य हे उत्तर किती जणांनी मानावयास हवे होते, ह्याचाही अंदाज आहे. सेबी ह्या नियामक संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन ह्यांत व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी शेकडा ९३ जणांना तोटा झाला, आणि सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेला. ह्यांत तेजीवालेही आले आणि मंदीवालेही. त्या सर्वांचीच मते चूक होती असे मला वाटत नाही. माझ्या विद्यार्थ्यासारखी, मत बरोबर आणि आकडा चूक, अशी माणसे त्यांत पुष्कळ असली पाहिजेत.

तेव्हा ज्यांना हा व्यवहार करावयाचाच आहे त्यांना एका शिक्षकाची एवढीच विनंती, की विक्रीची सूचना देण्यापूर्वी कागदावर चार ओळी लिहाव्या. मी किती गमवावयास तयार आहे? कोणत्या भावाला माझी चूक मान्य करीन? उद्या सकाळी भाव शेकडा ३० वर उघडला तर काय उरेल? आणि ह्या तिन्हींचा हिशेब करून किती शेअर येतात? चौथ्या ओळीत लॉटापेक्षा लहान आकडा आला, तर कागद घडी करून ठेवून द्यावा. जे पैसे घराच्या छपराचे, मुलांच्या शिक्षणाचे किंवा औषधपाण्याचे आहेत, ते पहिल्या ओळीत मुळी धरूच नयेत.

माझा विद्यार्थी ती वही घेऊन घरी गेला. वडिलांना त्याने सर्व सांगितले आहे, आणि उरलेल्या पैशांतून पावसाच्या तोंडाची, म्हणजे पश्चिमेकडची, बाजू तेवढी यंदा शाकारून घ्यावयाची असे बापलेकांनी ठरविले आहे. बाकीचे छप्पर पुढच्या वर्षी.